खंडेनवमीचा प्लग

जळगाव,
खंडेनवमी, शके १९१३

तीर्थरूप आबांना सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आईंची कंबर आता कशी आहे? इथे ऊन अजून उतरलेलं नाही. तुमच्या गल्लीतले कौतिकभाऊ संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. पोस्टाने उशीर झाला असता.

आजचं सगळं नीट पार पडलं असेल. भटूभाऊजींनी पिंड ठेवल्यावर कावळा लवकर शिवला का? यांना जेवायला कधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही, तेव्हा शिवला असेलच.

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला बायकोच नाही, म्हणून चार लोक बोलले असतील. बोलू देत. तुम्हाला मात्र खोटं लिहिणार नाही. रजा मिळाली होती. पिशवीही भरली होती.

सकाळी एस.टी. स्टँडला जाताना कपाटाची किल्ली द्यायला ऑफिसात डोकावले. यांच्या जागेवर मला घेतल्यापासून ती माझ्याकडे असते. आत पूजेची तयारी चाललेली. फरशी नुकतीच धुतलेली. आमचे जुने शिपाई तोतारामभाऊ अनवाणी उभे, हातात ओलं फडकं, आणि झेरॉक्स मशीनचा हिरवा दिवा चालू.

गेल्या खंडेनवमीला हेही असेच उभे होते. देवाचं काम म्हणून चपला बाहेर काढलेल्या, मशीन लख्ख पुसायचं म्हणून फडकं भिजवलेलं. अर्थिंगची तार कुठे जोडलेलीच नव्हती, हे मागाहून कळलं. आता जोडली आहे म्हणतात.

मी प्लग उपसला. म्हटलं, "भाऊ, आधी चपला घाला. अन् कोरडं फडकं घ्या."

"देवनं काम शे, बाई. पायमा चप्पल घालीसन पूजा करतस का?"

मी प्लग मुठीत धरून तिथेच उभी राहिले. हळदकुंकू वाहून झालं, नारळ फुटला, झेंडूचा हार इतका मोठा की मशीनच दिसेना. पेढा वाटला. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

पुजलेलं मशीन दसऱ्यापर्यंत कुणी चालू करत नाही, हे मला ठाऊक आहे. फरशीही वाळली. पुढची गाडी होती, आबा. पण मूठ उघडेना. शेवटी तोतारामभाऊंनीच माझं एकेक बोट सोडवलं. तेव्हा त्यांच्या पायात चपला होत्या.

मला रडू येत नाही. वर्षभर आलेलं नाही. आई म्हणतात, पोरीचं मन दगड झालं. झालं असेल. आजही आलं नाही. हात तेवढा बधिर आहे, म्हणून अक्षर असं.

ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. उद्या दसरा. मळ्यातल्या विहिरीवर तुम्ही मोटारीची पूजा कराल. पाय धुऊन, अनवाणी, ओल्या हाताने कुंकू लावता. यांनी ते तुमचंच बघून घेतलं होतं. रागाने लिहीत नाही. राग यायलाही काहीतरी लागतं, तेही माझ्यात उरलेलं नाही.

आबा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फ्यूज काढून खिशात ठेवा. हात कोरडे करा. चपला काढू नका. देवाला राग आलाच तर माझं नाव सांगा.

कौतिकभाऊ परवा परत येतील. त्यांच्याजवळ दुसरं काही देऊ नका. चपला घातल्या होत्या, एवढा निरोप पाठवा.

तुमची, श्राद्धाला न आलेली सून,
सुनंदा