केळी माझी, पिशवी शीलाची

कळसाडी, ता. शहादा
रविवार, दुपार

आदरणीय योगेंद्रभाई यांना हेमकांतचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? धडगावच्या चढउतारावर इतकी वर्षं शाळा चालवून त्याने अजून राजीनामा दिला नाही, हेच पुष्कळ. कामिनीवहिनींचा रक्तदाब, दारातला आंबा आणि शाळेचं गळकं छप्पर, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. घरी आणखी कोण आहे ते विचारत नाही. आठ दिवसांपूर्वी तुमची बहीण शहाद्याच्या स्टँडवरून धडगावच्या जीपमध्ये बसली ते आमच्या शेजारच्या छगनने पाहिलं, आणि छगनने पाहिलं म्हणजे कळसाडीने पाहिलं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे. पण मी आठ दिवस खिचडी खातो आहे आणि ती रोज खाली लागते, तेव्हा रीत बाजूला ठेवतो.

शीलाने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. (बहुधा काहीच नाही. माझं भाषण दोन तास चालतं, तिचं मौन आठवडाभर चालतं, आणि परिणाम मौनाचाच जास्त होतो.) म्हणून मीच सांगतो. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून नूतनने आणि जावयांनी आम्हाला जहाजाच्या सफरीवर पाठवलं. मी आधी नकार दिला. चैनीविरुद्ध मी इतक्या व्यासपीठांवरून बोललो आहे की जहाजात बसलेलं कोणी पाहिलं तर काय म्हणेल, ही चिंता होती. पण शीलाने माहितीपत्रकातलं एक चित्र कापून देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलं. काचेच्या तळाची होडी, खाली रंगीत मासे आणि प्रवाळ. लहानपणी तुमच्या मूळ गावी तापी ओलांडताना ती होडीतून वाकून नदीचा तळ शोधायची आणि गढूळ पाण्यात तो कधी दिसला नाही, हे तिने मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पस्तीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील. तेव्हा मी चैनीवरचं माझं मत थोडं सैल केलं.

जहाजावर काय नव्हतं ते सांगणं सोपं. कळण्याची भाकरी नव्हती, बाकी सगळं होतं. सकाळी सातला इतकं अन्न मांडून ठेवत की आपल्याकडचं एखादं वऱ्हाड जेवून तृप्त होईल आणि तरी मागे उरेल. आणि उरलेलं टाकून देत. मी चार दिवस पाहिलं. सगळ्यात जिव्हारी लागलं ते केळ्यांचं. केळीवर पहिला ठिपका दिसला की पांढऱ्या टोपीतला माणूस ती उचलून नेई. भाई, आपण केळी पिकवणारी माणसं. ठिपका पडला म्हणजे केळं आता कुठे खायला आलं, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. चौथ्या संध्याकाळी आमच्या सहल कंपनीच्या चाळीस मराठी प्रवाशांचा परिचयाचा कार्यक्रम होता. तिथे मी उभा राहिलो. अन्नाची नासाडी, जगातली भूक आणि नागरिकांची शिस्त, असं बोललो. शिस्तीच्या भागात सहल सांभाळणाऱ्या रंजिताचं नाव घेऊन म्हणालो, ही मुलगी तीन वेळा बजावते आहे की जहाजावरचं अन्न किनाऱ्यावर न्यायचं नाही, तर आपण ते पाळलं पाहिजे. टाळ्या पडल्या. मनापासून बोललो होतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज त्या बेटाला लागणार होतं. (बेटाचं नाव लिहीत नाही, मला ते अजून बोलता येत नाही.) दिवसभराची सहल, त्यातच होडी. न्याहारी संपली आणि मला सुचलं की दिवसभर बाहेर राहायचं, आणि शिदोरी? तुमच्याकडून शहाद्याला उतरायचं तरी वहिनी दशम्या बांधून देतात. नाही घेतल्या तर जीप सुरू झाल्यावर खिडकीतून आत टाकतात. जाणाऱ्याला यजमानाने रिकाम्या हाताने सोडायचं, असं आपल्या सात पिढ्यांत घडलेलं नाही. जहाज यजमान, आम्ही पाहुणे. इतका सरळ हिशेब होता. शीलाला म्हटलं, दोन फण्या घेऊ. ती म्हणाली, "राहू द्या नं. लोक देखी ऱ्हायनात." मी राहू दिलं नाही. ती हात धुवायला गेली तेवढ्यात ठिपकेवाल्या अकरा केळ्यांना जीवदान दिलं आणि तिच्या पिशवीत, तिच्या स्वेटरखाली सरकवली. माझ्या झोळीत का नाही, असं तुम्ही विचाराल. झोळीत पुस्तकं होती. केळी दबली असती.

किनाऱ्यावर तपासणीच्या रांगेत लांब कानांचं एक बुटकं कुत्रं सामान हुंगत फिरत होतं. ते शीलाजवळ आलं आणि शहाण्यासारखं तिच्या पायाशी बसलं. तिला वाटलं, माया करतंय. वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत ती त्याला म्हणाली, "भूक लागनी का रे तुले?" तोवर अधिकारी पोचला. पिशवी उघडली. स्वेटर निघाला आणि केळी निघाली, एकामागून एक. अकरावं बाहेर येईपर्यंत मागची सगळी मराठी रांग माना उंचावून पाहत होती. रंजिताने विचारलं, "काकू, पिशवी कोणाची?"

"मन्ही शे," शीला म्हणाली.

"आणि केळी?"

शीलाने माझ्याकडे पाहिलं. भाई, मी गणेशोत्सवापासून शेतकरी मेळाव्यापर्यंत कुठेही कागदाशिवाय बोललेला माणूस. मला तिथे फक्त "माझी" एवढंच म्हणायचं होतं. पण मागे ते चाळीस जण होते, आणि आदल्या संध्याकाळच्या टाळ्या अजून कानात होत्या. मी समोरच्या भिंतीवरचा एक फलक वाचू लागलो. तो मला न येणाऱ्या भाषेत होता. तरी मन लावून वाचत राहिलो.

"ती बी मन्हीच," शीला म्हणाली.

त्या अधिकाऱ्याने रंजितामार्फत शांतपणे समजावलं. बेटावर लोकांच्या केळीच्या बागा आहेत, बाहेरून एक रोग आला तर सगळं बसतं. मला भाषांतराची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या रोगट रोपांची गाडी आपल्या शिवारात येऊ नये म्हणून कळसाडीच्या रस्त्यावर आडवा पडलेला माणूस मीच. तुम्ही तेव्हा पेपरात माझा फोटो पाहून फोन केला होता. तो अधिकारी म्हणजे मीच होतो, फक्त इस्त्रीच्या कपड्यातला. कागदपत्रं होईपर्यंत तिला एका बाकावर बसवलं. दीड तास गेला. बाकीच्यांना घेऊन बस निघून गेली आणि होडीही. जहाज त्या बेटावर एकच दिवस होतं. आम्ही दुपारी परत जहाजावर आलो. जेवणाच्या दालनात शीलाने टोपलीतून एक केळं उचललं, सावकाश सोललं, माझ्याकडे न पाहता पूर्ण खाल्लं आणि खोलीत जाऊन झोपली.

इथपर्यंत तिने मला माफ केलं असतं, असं मला वाटतं. पुढचं जास्त वाईट आहे. गावी आल्यावर छगनने ग्रामपंचायतीपुढे खुर्च्या मांडून माझं प्रवासवर्णन ठेवलं. मी रंगात आलो. रंगात आलेल्या वक्त्याला हशा दिसतो, बाकी काही दिसत नाही. केळ्यांचा प्रसंग मी सांगितला आणि तिच्या नावावर सांगितला. बायकांचा जीव शिदोरीत कसा अडकतो, कुत्रं आलं तेव्हा ती कशी घाबरली, मी अधिकाऱ्याला बाणेदारपणे कसं समजावलं. (मी समजावलं नव्हतं, आणि ती घाबरली नव्हती.) माणसं पोट धरून हसली. बायकाही हसल्या. शीला तिसऱ्या रांगेत बसली होती. ती उठली, पदर नीट केला, आणि घरी जाऊन तीच पिशवी भरली. तिला उठून जाताना मी पाहिलं आणि भाषण पूर्ण केलं. थांबलो नाही, याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आभारप्रदर्शनानंतर घरी पोचलो तेव्हा चूल थंड होती आणि देव्हाऱ्याच्या बाजूचं चित्र काढून नेलेलं होतं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
हेमकांत

ता. क. : हे पत्र शीलाला वाचून दाखवू नका. तुमचा आवाज मुख्याध्यापकाचा आहे, त्यात माझा पश्चात्ताप परिपत्रकासारखा वाटेल. चहाच्या ट्रेखाली विसरल्यासारखं ठेवा.

ता. क. दुसरा : अक्षर समजून घ्या. माझी सगळी पत्रं आजवर तीच स्वच्छ लिहून द्यायची.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात छगन आला. शीलाने त्याला फोन केला आहे म्हणे. येत्या रविवारी तीच जागा, त्याच खुर्च्या आणि चालू स्थितीतला माईक हवा, जहाजाबद्दल ती बोलणार. "दादा, तुमले कठे बसाडू?" असं विचारून तो हसत उभा राहिला. भाई, खरं सांगतो, तिची समजूत घालून तिला गुपचूप परत पाठवा, एवढं मागण्यासाठीच मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. ते मागणं मागे घेतो. तिला बोलू द्या. तुम्ही तिच्यासोबत घाट उतरून या आणि माझ्या शेजारी बसा. ती बोलत असताना मी खुलासा करायला उठू लागलो तर सदरा धरून खाली बसवा. मी रागावणार नाही. रागावलो तरी सोडू नका.