कुंदुझच्या पायांची दोरी

४ मार्च

कुंदुझ आज कशालाही न धरता उभी राहिली! शेगडीजवळ. स्वतःच दचकली आणि मटकन खाली बसली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या ऐकल्या की ती पाय विसरून माझ्याकडेच बघत बसते.

भिंतीलगत लावलेला कठडा कामी आला. तिच्या छातीच्या उंचीचा, लाकूड घासून गुळगुळीत केलेला. त्याच्या टोकाला, तिचा हात पोचेल अशी फळी आणि फळीवर तिचा पेला. तहान लागली की कठड्याला धरून जाते, पेला उचलते. अर्धं पाणी अंगावर सांडतं. सांडू दे.

सासूबाई शेजारणींना म्हणाल्या, "वीजकेंद्रातली शिकलेली सून आणली, तर ही घरात पूल बांधत बसलीय!" सगळ्या हसल्या. मीही.

९ मार्च

बिश्केकहून एमिलचा फोन. नवरा खुशीत होता. "चालतेय ना? मग रीतीप्रमाणे पायांना दोरी बांधून कापून टाकू. आणि तू ये. वीजकेंद्रवालेही विचारतायत."

तू ये म्हणाला. तुम्ही दोघी या — असं नाही.

आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांचं. त्यांच्याच घरी वाढतं, त्यांनाच आई-बाबा म्हणतं. कुंदुझ जन्मली त्याच दिवशी सासऱ्यांनी तिला आपल्या कोटात गुंडाळलं. "ही आमची!" मी खाटेवर पडले होते. कोणी विचारलं नाही, मी बोलले नाही. एवढंच ठरलं की ती चालायला लागेपर्यंत माझ्याजवळ.

मग तो कठडा मी कशासाठी लावला?

१२ मार्च

दिवसभर तिला कडेवर घेतलं.

१५ मार्च

आजही. सासूबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "पोरीला पाय काय शोभेला दिलेत का गं?"

"गार आहे जमीन."

"कालपर्यंत गार नव्हती?"

१९ मार्च

दुपारी कठडा काढला. स्क्रू ढिले झालेत असं सांगितलं. झाले नव्हते. माझे स्क्रू ढिले होत नाहीत.

कुंदुझ रांगत भिंतीपाशी गेली. तळवे टेकून उठली. जिथे कठडा होता तिथे हात फिरवला. एका भोकात बोट घातलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. रडली नाही — रडली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च

सकाळी उठले तर कठडा जागेवर! सासूबाईंनी लावला. तिरका, आणि माझ्या मापापेक्षा बोटभर वर.

"वाढलीय ती," म्हणाल्या. "तुझ्या मापावर थोडीच थांबणार आहे."

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. मी तो सरळ करून घट्ट बसवला.

२७ मार्च

सासऱ्यांचे धाकटे भाऊ आले, कुबात. (सुनेने सासरच्या मोठ्यांचं नाव तोंडात घ्यायचं नसतं. लिहायला कोणी मना केलेलं नाही.) ट्रक चालवतात. एमिलपेक्षा थोडेच मोठे, पण नात्याने काका. ते आले की सासूबाई मटणाचा चांगला तुकडा त्यांच्याच ताटात टाकतात. एमिललाही असा मिळत नाही.

"वहिनी, पुरे! मी काय पाहुणा आहे?"

"गप खा. हाडं दिसतायत."

"हाडं कुठली, पोट सुटलंय!"

तेवढ्यात कुंदुझने कठडा सोडला आणि चालत येऊन त्यांच्या गुडघ्याला धरलं. सगळे एकदम ओरडले. सासूबाई ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, "रविवारी दोरीचं करू."

२ एप्रिल

दोरी सासूबाईंनीच वळली. एक पदर काळ्या लोकरीचा, एक पांढऱ्या. कुंदुझच्या दोन्ही पायांना बांधली. अंगणात बर्फाचा चिखल होता. गल्लीच्या टोकापासून सगळे पळत येणार, पहिला येईल तो दोरी कापणार. पोरांमध्ये कुबात काकाही पळायला उभे राहिले.

"म्हातारा घोडा निघाला रे!" सासरे ओरडले.

म्हाताऱ्या घोड्याने पोरांना मागे टाकलं. धापा टाकत गुडघ्यावर बसले आणि दोरी कापली. सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं.

मुलगी आता कोणाकडे जाते, सगळे श्वास रोखून बघत होते. सासूबाईंनी हात पसरले. मी पसरले नाहीत, पण उघडे होते. कुंदुझ आम्हा दोघींच्या मधून गेली. उंबरा बसून ओलांडला, आत गेली, फळीवरचा पेला घेतला आणि पाणी प्यायली.

लोक खो खो हसले. मी तिला नेमकं हेच शिकवलं होतं.

५ एप्रिल

बिश्केक. कुबात काकांनी ट्रकमधून आणून सोडलं. निघताना सासूबाईंनी त्यांच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं ठेवलं. "हिलाही दे," म्हणाल्या. कुंदुझ आत झोपली होती. उठवू नका असं मीच म्हटलं.

घाट चढताना काका म्हणाले, "माझीही दोरी त्याच अंगणात कापली. वहिनीनेच वळली होती."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"तिचं पहिलं मूल मी. तिच्या सासूने वाढवलं. मी आजीलाच आई म्हणायचो. एमिल माझा सख्खा भाऊ, पण मी त्याचा काका. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"शाळेत. पोरांनी चिडवलं तेव्हा."

"मग त्यांना आई म्हणाला नाहीत?"

"जिभेला वळणच नाही." त्यांनी गिअर बदलला.

सासूबाईंना ठाऊक होतं तरी घेतली माझी मुलगी. की ठाऊक होतं म्हणूनच? कठडा लावताना त्यांच्या मनात काय होतं? विचारायची सोय नाही.

११ एप्रिल

कामावर रुजू झाले. मापकं तपासली. सगळी बरोबर.

दूध अजून येतं.

२१ जून

व्हिडिओ कॉल लागला. कुंदुझ बोलते! सासरे मागून शिकवत होते, "कोण दिसतंय? वहिनी! एमिलदादाची बायको." ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "वहिनी."

मी हसले. जमलं ते.

सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला. "वहिनी नाही गं. आई. म्हण — आई."

कुंदुझने बोट तोंडात घातलं.

"म्हण ना, आई."

 मागे कुबात काका चहा पीत बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"आई," ते सासूबाईंच्या पाठीकडे बघत म्हणाले.

कुंदुझने वळून बघितलं. सासूबाईंनी नाही. त्यांनी फोन खाली ठेवला, मग स्क्रीनवर नुसतं छत दिसत राहिलं.