ती विसरली नव्हती

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि कोणी मला भरीस घातलेले नाही. वकीलबाईंनी "मन स्थिर असताना" असे शब्द घालायला सांगितले होते. ते घालत नाही, कारण ते खोटे होईल. बुधवारी मी दोन किल्ल्या चुकीच्या कापल्या, गुरुवारपासून नीट कापतो आहे, तेव्हा डोके ठिकाणावर आहे असे धरायला हरकत नाही. मन मात्र गेल्या मंगळवारपासून ठिकाणावर नाही. कायद्याला डोके पुरते, असे वकीलबाई म्हणाल्या.

येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही, आणि लगेच एका कागदावर सही घेतात. म्हणून मीही माझा कागद करून ठेवतो. दोन वर्षांमागे केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. माझ्या मुलीला कोणताही कागद शेवटच्या पानापासून वाचायची खोड आहे. या वेळी तिने कृपा करून क्रमाने वाचावे.

कलम पहिले. दुकान, दुकानामागची खोली आणि दुकानावरची राहती खोली, भांड्याकुंड्यांसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. जिन्याची चौथी पायरी हलते. दुसऱ्यांच्या दारांची काळजी वाहणाऱ्याच्या घरचा जिना असा, हे तिच्या आईने मला पुष्कळदा ऐकवले होते. पायरी मुलीने पहिल्या महिन्यात दुरुस्त करून घ्यावी.

कलम दुसरे. किल्ली कापायची दोन यंत्रे, शेगडी आणि हत्यारांची पेटी मुलीने विकावी किंवा एखाद्या गरजू कारागिराला द्यावी. माझी बारीक कानस शेजारच्या घड्याळजीकडे आहे. "दोन दिवसांत देतो" म्हणून नेली, त्याला अकरा वर्षे झाली. घड्याळजीला वेळ कळत नाही हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेले आहे. कानस परत घ्यावी.

याशिवाय टेबलाच्या खालच्या खणात सात सारखी कुलपे आहेत, प्रत्येकाला एकच किल्ली. ती कोणासाठी ते पुढच्या कलमात येईल.

कलम तिसरे. दावा. माझी पत्नी रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षे कामाला होती. चार वर्षांपूर्वी ती तिथल्या ड्रायरमध्ये शिरली आणि जिवंत बाहेर आली नाही. हा ड्रायर आमच्या स्वयंपाकघराएवढा आहे. ओल्या चादरींना पीळ पडून त्या मागच्या बाजूला अडकतात, तेव्हा कोणाला तरी आत जाऊन त्या सोडवाव्या लागतात. चालू करायचे बटण पलीकडच्या अंगाला. तिथून आतला माणूस दिसत नाही, दाराची लांब मूठ तेवढी दिसते. कंपनीने तिथे ना घंटा लावली, ना कुलूप. म्हणून बायकांनीच आपापसात एक नियम केला होता. आत जाणारीने आपला ॲप्रन काढून मुठीला अडकवायचा. ॲप्रन लोंबतो आहे म्हणजे आत माणूस आहे, बटणाला हात लावायचा नाही.

मला हे पत्नीकडून कळले तेव्हा मी वर सांगितलेली सात कुलपे तयार केली आणि तिथल्या सुपरवायझरकडे फुकट घेऊन गेलो. हा माणूस बायकांना नावाने हाक मारत नाही, शिट्टी वाजवून बोलावतो, म्हणून त्याचे नावच शिट्टी पडले आहे. जी आत जाईल तिने बटणाच्या पेटीला कुलूप घालावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी, एवढेच मी म्हणालो. तो हसला.

"सात बायका, सात किल्ल्या, आणि मशीन बंद. मास्तर, इथे चादरी वाळवायच्या असतात, तिजोरी सांभाळायची नसते."

त्यानंतर अडीच महिन्यांनी बटण त्यानेच दाबले. कंपनीला हे मान्य आहे. कंपनीचे म्हणणे एवढेच की मुठीला ॲप्रन नव्हता. मयत स्वतःच ठरलेली खूण लावायला विसरली, तेव्हा हलगर्जीपणा तिचा.

आता जे लिहितो ते लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. मी दावा लावला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, कंपनीला नाही नाही ते बोललो. पण मनातून मी कंपनीचे म्हणणे खरे धरले होते. चार वर्षे मी माझ्या पत्नीवर चिडून होतो. एकोणीस वर्षे लावत होतीस, मग त्याच दिवशी कशी विसरलीस, असे तिच्या फोटोला विचारत होतो. एकदा तर तो फोटो आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मुलीलाही म्हणालो होतो की तुझी आई पहिल्यापासून विसराळूच. मुली, ते मी परत घेतो.

गेल्या मंगळवारी तडजोडीचा कागद माझ्या टेबलावर होता. शस्त्रक्रियेआधी एकदाचा निकाल लावावा, असे मुलीचे म्हणणे होते आणि मीही थकलो होतो. दुपारी धाकटी डबा घेऊन आली. धाकटी म्हणजे माझ्या पत्नीची सख्खी धाकटी बहीण. तीही त्याच कारखान्यात होती, बहीण गेल्यावर वर्षभरात तिने काम सोडले. तेव्हापासून माझे दोन्ही वेळचे जेवण तीच आणते. माझा चष्मा दुरुस्तीला दिला होता, म्हणून सही करण्याआधी तिला कागद मोठ्याने वाचायला सांगितला. तिने वाचले, "मयत स्त्रीने ठरलेली खूण, म्हणजे ॲप्रन, दाराला लावली नव्हती, हे दावेदारास मान्य आहे." आणि ती थांबली.

"वाच की पुढे," मी म्हणालो.

"भाऊजी, लावला होता."

"काय लावलं होतं?"

"ॲप्रन. ताईनं लावला होता. मी काढला."

मी पेन खाली ठेवले. तीच सांगू लागली.

"मोठे पाहुणे यायचे होते. शिट्टी म्हणाला, मशीनवर एक चिंधी लोंबताना दिसता कामा नये, सगळं उचल. मी टोपली घेऊन फिरले. जेवणाची सुट्टी होती. सुट्टीत आत कुणी जात नाही, आणि बायका ॲप्रन कुठेही टाकून जेवायला बसतात. मला वाटलं, तसलाच एखादा. ताईला त्यानं सुट्टीतही कामाला लावलंय, हे मला माहीतच नव्हतं."

"आत वाकून बघितलं नाहीस?"

"नाही बघितलं."

"आणि चार वर्षं?"

"तो म्हणाला, तोंड उघडलंस तर बहिणीचा जीव तू घेतलास असं लिहून देईन. आणि तुम्ही मला दारात उभं केलं नसतंत."

यावर मी काय करावे? मी उठलो आणि चष्मा शोधू लागलो. तो दुरुस्तीला दिला आहे हे मला ठाऊक होते, तरी दोन खण उघडून पाहिले. मग तिला म्हणालो, डबा ठेव आणि जा. ती गेली. डबा संध्याकाळपर्यंत तसाच होता. अजूनही हे वाक्य माझ्या डोक्यात नीट बसत नाही, की तिने लावला होता.

तरी या दाव्यातला माझा सर्व हक्क मी मुलीला देत आहे, आणि सोबत ही सूचना. रक्कम कमी मिळाली तरी चालेल, दावा हरलीस तरी चालेल. तुझी आई विसरली, असे ज्या कागदावर लिहिले असेल त्यावर सही करू नकोस. सात कुलपे आधी कोर्टात दाखवावीत. नंतर, आज त्या मशीनवर ज्या बायका आहेत त्यांना नेऊन द्यावीत, शिट्टीच्या देखत.

कलम चौथे. आधीच्या मृत्युपत्रात दुकानामागची खोली मी धाकटीला हयातभर राहायला दिली होती. ती एकटी आहे, वय चौपन्न, आणि तिचा घरमालक तिला उन्हाळ्यानंतर बाहेर काढणार आहे. ती देणगी मी काढून घेत आहे. या मृत्युपत्राने धाकटीला काहीही मिळणार नाही.

असे का, ते सांगतो. शनिवारी ती आपण होऊन वकीलबाईंकडे गेली आणि कोर्टात सांगायला तयार आहे म्हणाली. वकीलबाईंनी तिला बजावले की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, हे सांगून तुम्हाला काय मिळणार? तिथून ती तडक माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"मला खोली नको. माझ्या नावावर काही राहिलं तर म्हणतील, खोलीसाठी बोलली."

"राहशील कुठे?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"खोली कागदावर नको, मुलीला तोंडी सांगून ठेवतो," मी म्हणालो.

"नको. कोर्टात विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. चार वर्षं गप्प बसले, ते वेगळं."

म्हणून मी मुलीला तोंडी काही सांगितलेले नाही आणि सांगणार नाही.

हे कलम शिक्षा आहे असे कोणी समजू नये. मी तिला माफ केले आहे असेही समजू नये, कारण ते मला अजून जमलेले नाही. तिने आणलेल्या जेवणात माया होती की भीती, की दोन्ही, हे मला ठरवता येत नाही. मला तिचा संताप येतो, आणि तिला यायला उशीर झाला की मी जिन्याकडे कान देऊन बसतो. माणसाने अशा वेळी नक्की काय करायचे असते, ते कोणी मला सांगितलेले नाही.

मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातले काही घेता येत नाही, असा कायदा आहे. वकीलबाईंनी तो समजावला तेव्हा धाकटी म्हणाली, "मग दुसरी सही माझी घ्या." मी नको म्हणालो. तोवर तिने पेन हातात घेतले होते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो बरोबर आहे. चष्मा आज मिळाला.

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: अकरा मार्च, सोमवार, सकाळी दहा

(सही) लिहून ठेवणार, कुलूपवाला

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा घड्याळजी. कानस घरी सापडली, आणून देतो.

साक्षीदार दुसरी: (सही) लिहून ठेवणाऱ्याच्या मयत पत्नीची सख्खी धाकटी बहीण. या कागदाने मला काही मिळत नाही. माझ्या ताईने ठरलेली खूण लावली होती आणि ती मी काढली, हे कोणी न सांगता माझ्या हाताने लिहिले आहे.