ईशापूरची रायफल आणि नोराची भिंत

मी, चंद्रहास रघुनाथ मेढेकर, वय अडुसष्ट, निवृत्त धातुतज्ज्ञ, राहणार वॉटरफोर्ड, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था येथे लिहून ठेवत आहे. पार्किन्सनमुळे माझा हात थरथरतो. डोके थरथरत नाही, असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. इंग्रजी भाषांतर वकील नंदिनी यांनी केले आहे. दोन्हींत फरक आढळल्यास मराठी ग्राह्य धरावे, कारण मी रागावतो आणि माया करतो ते मराठीतच.

एक. राहते घर आणि बँकेतील सर्व शिल्लक माझी पत्नी प्रभा हिला मिळावी. येथील इस्पितळात बालरोगतज्ज्ञ म्हणून नोकरी तिला लागली होती. मी तिच्या मागोमाग आलो आणि वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात चिकटलो. जुन्या रायफली दुरुस्त करणे हा माझा छंद. टॉवेल ऊबदार राहावेत म्हणून असलेल्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम कपाटात, मी वर्षानुवर्षे त्यांचे लाकडी दस्ते वाळत घातले. तिच्या टॉवेलांना जवसाच्या तेलाचा वास येऊ लागला. ती एवढेच म्हणायची, "पाहुण्यांना वेगळे टॉवेल देत जा." त्या कपाटाचा ताबा आता सर्वस्वी तिचा आहे.

दोन. माझ्या मृत्यूची बातमी गार्डांना, म्हणजे येथील पोलिसांना, तात्काळ द्यावी. सर्व रायफली आधी परवानाधारक विक्रेत्याच्या ताब्यात जाव्यात आणि ज्याचा परवाना मंजूर होईल त्यालाच पुढे मिळाव्यात. बोल्ट वेगळ्या तिजोरीत आहेत. किल्ली कोठे आहे ते प्रभाला ठाऊक आहे.

तीन. ईशापूरची रायफल फिंटन फेलन यास द्यावी. तो माझा शेजारी, सुतार आणि मित्र. ही रायफल माझ्याकडे कशी आली, हे लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होणार नाही.

ती फिंटनच्या घरी, शेगडीवरच्या भिंतीवर टांगलेली असे. त्याची आई नोरा हिचे वडील मायकल यांनी आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात ती वापरली, असे घरात सांगितले जाई. त्या युद्धाच्या शताब्दीच्या प्रदर्शनासाठी गावकऱ्यांनी ती मागितली आणि फिंटनने स्वच्छ करायला माझ्याकडे दिली. गंज मी पोलादी तारेच्या घासणीने नव्हे, तेलात भिजवलेल्या चिंधीने, हलक्या हाताने काढतो. बोल्टजवळच्या पट्टीवर आधी मुकुट दिसला, मग बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचा शिक्का, आणि खाली साल: १९४२. बदललेला भाग असेल म्हणून मी नळी, बोल्ट, लाकूड सगळे तपासले. सगळे त्याच काळातले निघाले. मायकल तर दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच वारले होते.

मी फिंटनला सांगितले. तो लाल झाला. "म्हणजे आता हा कारखान्यातला माणूस मला सांगणार, माझा आजोबा कोण होता ते?" म्हणाला आणि रायफल काढून घेऊन गेला. त्यानंतर कुंपणापलीकडून साधे 'हाऊ आर या'सुद्धा येईना. प्रभा म्हणाली, "गप्प बसला असतास तर?" मी म्हणालो, "प्रदर्शनातल्या पाटीखाली तपासनीस म्हणून माझं नाव जाणार होतं गं." पण मला जेवण गोड लागत नव्हते. परक्या देशात हक्काने दार ठोठावणारा तो एकच होता.

शेवटी नोराने निरोप पाठवून मला बोलावले. नव्वदी ओलांडलेली बाई, खुर्चीत ताठ बसलेली. फिंटन खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून.

"चंद्रा, तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "खरी बंदूक बाबांनी स्वतःच इथल्या शूर नदीत टाकली. म्हणाले, आता पुरे. आम्ही पोरं होतो, आम्हाला पत्ता नव्हता. ते गेल्यावर लोक यायचे, रिकाम्या खुंट्यांकडे बघायचे आणि आईला विचारायचे, मायकलची बंदूक कुठे आहे? तिला ते सोसेना. मग एका जुन्या हवेलीच्या लिलावातून ही आणली. एक टोक तिने धरलं, एक मी."

"मला का नाही सांगितलंस, मॅम?" खिडकीशी उभ्या फिंटनने आईला विचारले.

"आईला शब्द दिला होता. पण तुम्ही दोघं बोलेनासे झालात. तिलाही ते आवडलं नसतं."

फिंटन खिडकीपासून वळला. मग म्हणाला, "चहा टाकतो."

रायफल प्रदर्शनात गेली. पाटी फिंटनने स्वतः लिहिली: 'मायकलच्या आठवणीसाठी त्याच्या बायकोने, ब्रिजिडने, घरी आणलेली. ईशापूर, १९४२.' खाली तपासनीस म्हणून माझे नाव. लोक त्या पाटीपाशी सर्वांत जास्त रेंगाळले. नोरा गेली तेव्हा तिने रायफल माझ्या नावे ठेवली होती आणि परवान्याचे सोपस्कार झाल्यावर फिंटन ती स्वतः घेऊन आला. आता ती त्या भिंतीवर परत जावी.

चार. डब्लिनजवळच्या ओंगारचे, माझ्याच छंदातले परेश यांस माझे सर्व ब्रश आणि जवसाचे तेल. एका दुर्मीळ दस्त्यावर त्यांनी इलेक्ट्रिक सँडर चालवला आणि पलटणीचे शिक्के भुसा करून टाकले. "कसला चकाचक झालाय बघा, यार!" असे मला वर म्हणाले. मी त्यांना क्षमा केलेली नाही. तरी हात थरथरू लागल्यापासून दर शनिवारी एवढ्या लांबून गाडी हाकत येणारे तेच आहेत, हेही येथे नमूद करतो. अर्धवट राहिलेली मार्टिनी रायफल त्यांना आणि फिंटनला सामाईक द्यावी. लाकूड फिंटनने पाहावे, लोखंड परेशने. दोघांचे अजिबात पटत नाही. भांडत भांडत पूर्ण करावी. सँडर वापरू नये.

पाच. मुलगी स्वरांगी पोर्टलीशच्या इस्पितळात तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. तिला मी विचारले तेव्हा तिने नेहमीप्रमाणे इंग्रजीत उत्तर दिले, "बाबा, मी दिवसभर माणसं शिवते. मला या बंदुका घरात नकोत." हे तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, कोणीही तिच्यावर आठवण म्हणून एक तरी ठेवण्याचा आग्रह धरू नये. माझे शिक्के वाचायचे भिंग तिने आपणहून मागितले, ते तिचे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिला नेमत आहे.

सहा. अंत्यसंस्कार साधे असावेत. फिंटनच्या नेमबाजी क्लबने फैरी झाडून मानवंदना देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे आभार, पण नको. इतक्या रायफली हाताखालून गेल्या, मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. शिवाय दार जोरात आपटले तरी प्रभा दचकते, आणि त्या दिवशी तिचा हात धरायला मी नसेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. सही वाकडी असली तरी माझीच आहे.

चंद्रहास रघुनाथ मेढेकर
वॉटरफोर्ड, १४ सप्टेंबर २०२५

आम्हा दोघांच्या समक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष. साक्षीदार असल्याने आम्हाला काही मिळणार नाही, हे त्यांनी हसत सांगितले. प्रभाकाकूंनी मात्र पोहे खाल्ल्याशिवाय सोडले नाही.

१. केदार सबनीस
२. शर्वाणी सबनीस