अण्णांच्या पुतळ्याच्या चेहऱ्याविषयी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का, मामींचा खोकला थांबला का, ते आधी कळवा. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे काल दुपारी चार वाजेपर्यंत होते. चार वाजता मी अण्णांच्या पुतळ्यावरचं कापड काढलं आणि तिथेच भुशात बसकण मारली. 

अण्णांनी ज्या सुतारशाळेत तीस वर्षं शिकवलं, तिथे येत्या रविवारी त्यांचा पुतळा बसतो आहे. मी दारं-खिडक्यांचा माणूस. माझ्या हातच्या चेहऱ्याला बिजागरी लागली असती. म्हणून आमच्या कन्येनं काम अंगावर घेतलं. तिच्या कारखान्यात कोरणारं यंत्र आहे. संगणकावर चेहरा उभा करायचा, की यंत्र तो लाकडातून जसाच्या तसा बाहेर काढतं. लाकूड म्हणून अण्णांचं कामाचं टेबल मोडून त्याच्या फळ्या दिल्या. (त्यांचा हात फिरलेलं दुसरं टेबल आता कुठून आणणार?)

अण्णांचा धड फोटो एकच, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतात. तेव्हा चेहरा आठवणीवरून करायचा ठरला. पडद्यावर एक करडा चेहरा आणि त्याच्याखाली नाक, कपाळ, गाल, मिशी अशा सरकवायच्या पट्ट्या. सगळं एकमेकांत बांधलेलं. नाक वाढवलं की ओठ सरकतो, कपाळ उंचावलं की कान उतरतात. (असा कारभार मी फक्त एकत्र कुटुंबात पाहिला होता.) धाकटा भाऊ म्हणाला, बाप म्हणून अण्णा रागीट होते, भुवया खाली घे. ताई म्हणाली, माझ्यावर कधी नाही रागावले, वर घे. मी हनुवटीसाठी भांडलो. शेवटी आईनं आम्हाला उठवलं, अर्धा तास एकटी पट्ट्या सरकवत बसली आणि म्हणाली, "झालं. आता कुणी हात लावायचा नाही." आम्हा सगळ्यांचे डोळे इतके भरले होते, की नीट पाहिलं कुणीच नाही. मी यंत्राला नमस्कार केला आणि कन्येनं बटण दाबलं.

आणि काल कापड काढलं तर मामा, तुम्ही! तीच मिशी, तेच नाक, "मी म्हटलं नव्हतं का" असं बोलण्याआधी उजवीकडे जातो तो तुमचा ओठसुद्धा. धाकटा मागून आला आणि म्हणाला, "मामा कधी आले?"

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही चारचौघांत म्हणालात, की अण्णांनी बसवलेलं दार जमिनीला घासतं. तेव्हापासून त्यांनी बोलावलं नाही आणि तुम्ही आला नाहीत. ते गेले तेव्हाही तुमचा गुडघा आडवा आला. आता तुम्ही त्यांच्याच टेबलातून निघून, त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच नावाच्या पाटीवर कायमचे बसणार. मी पटाशी उचलली आणि खाली ठेवली. लाकूड काढता येतं, लावता येत नाही. देवापुढे बसलो, पण मागणार काय? माझ्या वडिलांना वडिलांसारखं कर, हे कुठल्या तोंडानं मागावं?

मोठ्यांचा आशीर्वाद असावा.

तुमचा थोरला भाचा

ता. क. रविवारी तुम्ही यावं, ही सर्वांची इच्छा आहेच. फक्त येण्यापूर्वी मिशी काढाल का? गुडघा फारच दुखत असेल, तर मात्र आग्रह नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईनं पत्र वाचलं. म्हणाली, "तुझ्या वडिलांना बघायला मला पुतळा कशाला? डोळे मिटले की समोर उभे असतात. दादाच अकरा वर्षं दिसला नाही." म्हणजे तू मुद्दाम केलंस का, असं विचारलं, तर तिनं पेन माझ्या हातात दिलं. वर म्हणते, "त्याला लिही, मिशीसकट ये. नाही आलास तर पुतळ्याशी भांडेन, सगळ्या शाळेसमोर."