घुबडाची डबी

ओरिझाबा,
९ फेब्रुवारी

प्रिय कोमाद्रे पेत्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझ्या कोंबड्या बऱ्या असतील अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक. अक्षर वेडंवाकडं आलंय, हसू नकोस, डाव्या हातानं लिहितेय. उजव्याला प्लास्टर आहे. स्वयंपाक करताना जरा लागलं.

माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्याकडं अभ्यासाला राहिलेल्या माझ्या सुलेमाचा फोन परीक्षा होईपर्यंत कपाटात कोंडलायस. म्हणून हे पत्र माझा भाऊ निकानोर याच्या हाती देतेय. तू वाचून होईपर्यंत तो दारातून हलणार नाही. त्याला कॉफी दे. त्या घुबडाच्या डबीतलं मात्र काही देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. पोरीला त्याच्याबरोबर घरी पाठव. आजच्या आज. मेडिकलची प्रवेशपरीक्षा गेली खड्ड्यात. मागच्या महिन्यात एका रविवारी ती तुझ्या फोनवरून म्हणाली, ‘‘आई, मला झोपच लागत नाही, पण बरंच आहे, धर्ममाय मला रोज एक घुबड देते.’’ तेव्हा मी हसले होते.

का, ते सांगते. सगळं सांगते, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

फिदेन्सियोची अवस्था तू पाहिली होतीस. सकाळच्या पाळीत गणित शिकवायचं, दुपारच्या पाळीत पुन्हा गणित, त्याच इमारतीत, त्याच फळ्यापुढं. वर घरी वह्यांचे ढीग. माणूस पिळून निघाला होता. कॉफीत मीठ घालायचा. एके दिवशी हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिला आणि सातचा पाढा आठवेना. पोरं हसली. घरी येऊन पलंगावर बसून रडला माझा नवरा, बूटही न काढता.

डॉक्टरीण अल्कोसेरबाईंनी रजा लिहून दिली, मनासाठी सकाळची एक गोळी दिली, रक्त तपासायला सांगितलं. आणि बजावलं, ‘‘बाई, या गोळीसोबत दुसरं काहीही घ्यायचं झालं, अगदी पाल्याचा काढासुद्धा, तर आधी मला दाखवा.’’

मग तू आलीस. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, गोड पाव घेऊन आणि ती डबी घेऊन. सोनेरी घुबड, खाली ‘स्मरणशक्ती आणि एकाग्रता’. मी डबी फिरवून पाहिली. नुसती फिरवली हं. तर तू काय म्हणालीस? ‘‘अगं बाई, माझ्या मालावर शिक्का शोधतेस? ज्या हातांनी तुझी पोर बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरली, त्या हातांचा शिक्का पुरत नाही का तुला? पानाफुलांचं आहे सगळं. पानाफुलांनी कुणाचं वाटोळं झालंय?’’

मी शरमेनं मेले. आपल्यात कोमाद्रेनं, पोरीच्या धर्ममायनं, दिलेलं कुणी तपासून घेतं का? कोमाद्रेनं विष दिलं तरी आधी आभार मानायचे, मग मरायचं. डबी मी डॉक्टरीणबाईंना दाखवली नाही. दाखवली असती तर तुझ्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. रक्त दिलं होतं, पण त्याचा रिपोर्ट आणायलाही कुणी गेलं नाही. घुबड लागू पडलं होतं ना!

आणि पडलं होतंच, खोटं कशाला बोलू? आठवड्यात पोरांची नावं यायला लागली, त्यांच्या बापांचीही. पहाटे उठून वह्या तपासायचा. रजा अर्धी टाकून शाळेत गेला. जेवण कमी झालं, हात थरथरायचे, थंडीत अंगाला घाम. मी शेजारणींना सांगायचे, ‘‘माझा घोडा पुन्हा धावायला लागला.’’ काय अक्कल माझी!

पावातली बाहुली फिदेन्सियोच्याच तुकड्यात निघाली होती, आठवतं? म्हणजे रिवाजानं २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, मक्याच्या पिठाचे तमाल आमच्याकडं. अंगणात शाळेतले सगळे मास्तर जमले. मोठ्या पातेल्यात तमाल उकडत होते. मी पाट्यावर मिरची वाटत होते. भर दुपार, सगळे हसतखेळत. तेवढ्यात म्हातारे आन्सेल्मो मास्तर म्हणाले, ‘‘काय फिदे, आज पोरांची नावं येतात म्हणे! मग बायकोचं सांग बघू.’’

सगळे हसले. फिदेही हसला. आणि हसता हसताच त्यानं पातेल्याला लाथ घातली.

उकळतं पाणी आन्सेल्मोंच्या पायावर गेलं. म्हातारा डुकरासारखा किंचाळला. फिदेनं बाक उचलून त्यांच्या पाठीत घातलं. त्याचे डोळे, पेत्रा! मी त्या माणसाबरोबर निम्मं आयुष्य काढलंय, ते डोळे मी कधी पाहिले नव्हते. मी बसल्या जागेवरून ओरडले, ‘‘फिदे, बस कर, घरात पाहुणे आहेत.’’ तो वळला. माझा हात पाट्यावरच होता. त्यानं वरवंटा माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याच हातावर मारला. एकदा नाही.

लिहिलं एकदाचं. स्वयंपाक करताना जरा लागलं नाही. माझ्या नवऱ्यानं माझा हात मिरचीसारखा वाटला.

चार मास्तरांनी त्याला जमिनीवर दाबून धरला. त्याचं अंग तापानं भाजत होतं, दात वाजत होते. इस्पितळात त्याला पट्ट्यांनी खाटेला बांधलाय, अजूनही. अल्कोसेरबाईंनी विचारलं, ‘‘माझ्या गोळीशिवाय काय घेत होते?’’ आणि सांगू? तेव्हाही मी गप्प बसले. हाडं बाहेर आली होती तरी तुझी अब्रू झाकत होते. डबी निकानोरनं नेऊन दिली.

डबीवर परवान्याचा नंबर छापलाय. बाईंनी माझ्यासमोर तो सरकारी यादीत शोधला. तो नंबर टाचांच्या भेगांवर लावायच्या मलमाचा निघाला. गोळी तपासली, तर आत पानंफुलं नाहीत. भूक मारायचं औषध आहे, हृदयावर उठतं म्हणून कधीच बंद केलेलं. ते आणि मनाची गोळी एकत्र झाली की माणसाच्या डोक्यात वणवा पेटतो, असं बाई म्हणाल्या. ‘‘जगला हे नशीब.’’

मी इस्पितळातून तुला फोन केला, तर तू म्हणालीस, ‘‘कोंपाद्रे फिदेच्या मनात राग आधीपासूनच होता. गोळी काही राग घालत नाही.’’ आणि फोन ठेवलास.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आहे तुझं.

आरोग्य खात्याचा माणूस माझ्या खाटेपाशी येऊन गेला. डबी कुणी दिली, विचारत होता. मी म्हटलं, आठवत नाही. पोर घरी आली तर मला आठवणारही नाही. नाही आली, तर पेत्रा, माझा डावा हात शाबूत आहे आणि वरवंटाही.

वाट पाहणारी,
ओब्दुलिया


ओरिझाबा,
२० फेब्रुवारी

कोमाद्रे पेत्रा,

पोर पोचली. तू ‘ती क्लासला गेलीय’ म्हणून निकानोरला परत पाठवायला निघालीस, आणि ती तुझ्याच स्वयंपाकघरातून आवाज ऐकून बाहेर आली, हे मला कळलं. बसमध्ये मामानं पाण्याची बाटली पुढं केली तर तिनं त्याच्या तोंडावर नखं ओढली. आपल्या सुलेमानं! झुरळ मारताना रडणारी पोर ती. मामाच्या गालावर अजून ओरखडे आहेत. घरी आल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाली, ‘‘आई, हे थांबतच नाही गं.’’ अल्कोसेरबाईंनी तिला ठेवून घेतलं, काळीज तपासलं. थोडक्यात वाचली. नंतर झोपली ती अशी झोपली की मी नाकाशी आरसा धरून बघायचे.

तिच्या पिशवीत तू संताचं चित्र आणि चिठ्ठी घातली होतीस. ‘निसर्गाचं औषध कधी बाधत नाही, सैतान बाधतो. कोंपाद्रेसाठी प्रार्थना करते.’ ती मी चुलीत घातली. चित्र ठेवलंय, संतानं माझं काही वाईट केलेलं नाही.

फिदेच्या रक्ताचा तो रिपोर्टही आणला शेवटी. ऐक आणि हस. त्याच्या अंगात बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. साधी सुई, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बाई म्हणाल्या, पूरक औषध घेऊ नका असं मी कधी म्हटलंच नव्हतं. आधी रक्त बघा, झोप बघा, मग जे कमी असेल तेवढंच घ्या, एका वेळी एकच, नंबर तपासून, मला दाखवून. एवढंच तर होतं. आणि मला एवढंच करायची लाज वाटली.

फिदे घरी आला. गंमत बघ, आठवणीसाठी घेतलेल्या गोळ्या, आणि त्याला तो अख्खा दिवस आठवत नाही. रोज सकाळी विचारायचा, ‘‘ओब्दू, हाताला काय झालं?’’ मी सांगायचे, पातेलं पडलं. रोज तो तितकाच हळहळायचा. प्लास्टरवरून हात फिरवायचा. मला किंचाळावंसं वाटायचं.

काल सुलेमा वैतागून बोलून गेली. ‘‘बाबा, पातेलं नाही. तुम्ही.’’

तो उठला, कणगीमागं मी लपवलेला वरवंटा शोधून आणला, पाट्यापाशी गुडघे टेकून बसला आणि आपला उजवा हात पाट्यावर ठेवला. खडूचा हात. वरवंटा माझ्या डाव्या हातात दिला. म्हणाला, ‘‘मार.’’

‘‘वेडा झालास का?’’

‘‘मार, ओब्दू. मला आठवू दे.’’

मी उचलला, पेत्रा. खरंच उचलला. डोक्याच्या वर. त्या क्षणी मला त्याचा हात फुटलेला हवा होता. हाडं मोडल्याचा आवाज ऐकायचा होता. सुलेमा किंचाळली म्हणून वरवंटा बाजूला पडला. पाट्याचा कोपरा उडाला आणि त्याच्या गालात घुसला. रक्त आलं, तरी त्यानं हात काढला नाही. विचारलं, ‘‘गोळीनं केलं का मी केलं?’’

मी म्हटलं, ‘‘गोळीनं.’’

खरं सांगू? मला माहीत नाही. तुझं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, राग आधीपासूनच होता म्हणे. असेल. इतकी वर्षं दोन पाळ्या, उपाशी पोटी पोरांचे टोमणे खाल्ले त्यानं. कुठं तरी साठला असेलच. पण काल वरवंटा मी उचलला तेव्हा माझ्या मनात जो राग होता, तो त्याच्यापेक्षा कमी नव्हता. आणि मी तर एकही गोळी घेतलेली नव्हती. मग राग कुणाच्या मनात नसतो, सांग ना! माणूस तो दाबून ठेवतो, बायकामुलांना जपतो. तू माझ्या माणसाचं ते झाकण काढून फेकलंस, सोनेरी घुबड चिकटवून. आणि झाकण गेलं तेव्हा म्हणालीस, बघा, आत काय होतं.

पोर घरी आली तर मला आठवणार नाही, असं मी लिहिलं होतं. तो शब्द मी मोडला. आज सकाळी आरोग्य खात्यात गेले. तुझ्या गल्लीतल्या आणखी बायका पोरांना घुबड देतायत, सुलेमानं सांगितलं. त्यांच्या घरीही पाटे-वरवंटे असतील.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, ‘‘डबी देणाऱ्याचं नाव?’’ बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यानं विचारलं होतं, पोरीची धर्ममाय कोण, तेव्हा सांगितलं होतं तसंच तुझं पूर्ण नाव सांगितलं. पेत्रा मार्गारिता बारोहास. त्यानं लिहून घेतलं. मग विचारलं, ‘‘तुमचं नातं?’’

मी म्हटलं, ‘‘कोमाद्रे.’’ त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कोमाद्रेचं नाव देणारी बाई त्यानं आजवर पाहिली नसावी.

ते येतील तुझ्याकडं. उरलेल्या डब्या लपवू नकोस, फेकू नकोस, ज्यानं तुला विकल्या त्याचं नाव सांग. तू स्वतःही त्या घेत असलीस तर आजच बंद कर आणि डॉक्टरला दाखव. तुझा हात थरथरतो, सणालाच पाहिलं होतं मी. तुला आत टाकलं तर तमाल घेऊन येईन. पण ते पाट्यावरच्या मिरचीचे नसतील. त्या हातानं आता वाटता येणार नाही, असं बाई म्हणाल्या.

पाण्यावर जोडलेलं नातं सुटत नाही. सुटलं असतं, तर खाली नुसतं नाव लिहिलं असतं.

तुझी कोमाद्रे,
ओब्दुलिया