मागचे परस आणि माशांच्या पायऱ्या

मी, खाली सही करणारी, निवृत्त दंतवैद्य, विधवा, एका मुलाची आई, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तशी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तरीही ज्यांना शंका येईल त्यांनी आधी स्वतःच्या अक्कलदाढा तपासून घ्याव्यात. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख योग्य कलमात येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळे काही मुलाला दिले होते. ते का बदलले, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कलम १. राहते घर, माडी व गच्चीसह, माझ्या पश्चात माझ्या मुलाचे. गच्चीवरची टाकी गळते. हे मी त्याला वर्षानुवर्षे सांगत आले. आता टाकी त्याचीच झाल्यावर कदाचित ऐकू येईल. बँकेतली शिल्लकही त्याचीच. तिच्यावरून कोणी भांडावे एवढी ती नाही.

कलम २. रस्त्याकडच्या खोलीतली रुग्णांची खुर्ची सध्या दवाखाना चालवणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना द्यावी. त्यांचा हात हलका आहे. खुर्चीला मात्र प्रेमाने विचारून उपयोग नाही, पेडल जोरात दाबावे.

कलम ३. दातांवरचे किटण खरवडण्याची माझी जुनी उपकरणे, जी मी अलीकडे दातांसाठी वापरलेली नाहीत, ती कलम ६ मधल्या व्यक्तीला द्यावीत. ती कशासाठी वापरली ते पुढे येईल.

आमच्या परसाच्या टोकाला तळे आहे आणि तळ्यात उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत. ज्यांनी त्या घडवल्या त्यांनी प्रत्येक पायरीवर एकेक मासा कोरला. पाणी कुठल्या माशाला लागले यावरून लोक पुराचा अंदाज घेत. माझे सासरे सांगत, ‘वाकड्या माशाला पाणी लागलं’ अशी हाळी आली की खालच्या गल्लीतले लोक सामान माडीवर चढवायला लागत.

पुढे संबंधित खात्याच्या लक्षात आले की हा राष्ट्राचा वारसा आहे. त्यांनी फलक करून आणला: या वास्तूस इजा करणे हा दंडनीय अपराध आहे. फलकाचा खांब रोवायला माणूस यंत्र घेऊन आला आणि त्याने भोक पाडले ते थेट वाकड्या माशाच्या पोटात. मी पेशंटला तोंड उघडे ठेवून बसवले आणि धावत गेले.

“अहो, हे काय करताय?”

“बाई, माती भुसभुशीत आहे. खांब हलेल. दगडच बरा.”

तो फलक आजही तिथे आहे. अक्षरे उडाली, भोक राहिले.

कलम ४. माझ्या धाकट्या दिरांना, जे तळे सुशोभीकरण समितीचे आजन्म अध्यक्ष आहेत, माझ्या माळ्यावरचा सोनेरी ऑइलपेंटचा उरलेला डबा द्यावा. तो त्यांचाच आहे. कोणीतरी मोठा पाहुणा येणार म्हणून त्यांनी सगळे मासे सोनेरी रंगवून घेतले. “वहिनी, बघा आता, लांबून कसे उठून दिसतात!” म्हणाले. दिसत होते, लग्नाच्या बँडवाल्यांसारखे. रंगाखाली ओल कोंडली आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. तो रंग मी रोज सकाळी, निवृत्तीपूर्वी दवाखाना उघडण्याआधी आणि नंतरही, दातावरचे किटण काढावे तसा, दगडाला धक्का न लावता काढत आले. अजून पुरा निघालेला नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वच्छता मोहीम काढली. टोप्या, शिट्ट्या, भाषणे, सगळे यथासांग झाले. काठावरची लव्हाळी ‘गवत’ म्हणून मुळासकट उपटली. ज्या मुळांनी काठ धरून ठेवला होता ती गेल्यावर पुढच्या पावसात काठ ढासळला आणि लव्हाळ्यात अंडी घालणाऱ्या पाणकोंबड्या निघून गेल्या. माझ्या परसाच्या फाटकाला कुलूप होते म्हणून तेवढा पट्टा वाचला. आज तळ्याला उरलेली लव्हाळी तेवढीच. भावजी वाईट नाहीत. त्यांचे तळ्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे. म्हणूनच मला त्यांची धास्ती वाटते.

कलम ५. हे कलम लिहायला मला जड जाते.

मी इस्पितळात असताना माझ्या परसात खुंट्या ठोकल्या गेल्या. घरी आले, मागचे दार उघडले, तर लव्हाळ्यापर्यंत लाल खुंट्या आणि दोरी. पलीकडच्या हॉटेलवाल्याला तळ्यापर्यंत गाडीरस्ता हवा आहे आणि तो आमच्या परसातूनच जाऊ शकतो. लव्हाळी बुजवायची, पायऱ्यांवर फळ्या टाकून बोटींचा धक्का करायचा. मी मुलाला विचारले.

“आई, मी शब्द दिलाय त्यांना.”

“कशाच्या जोरावर? परस माझं आहे.”

तो म्हणाला, “डॉक्टर म्हणाले होते की तू बहुतेक...” आणि तोंड फिरवून रडायला लागला.

मी त्याला जवळ घेतले. त्याचा कारखाना बंद पडला, हॉटेलवाल्याने व्यवस्थापकाची नोकरी देऊ केली, हे मला ठाऊक आहे. इस्पितळात माझे तोंड धुण्यापासून सगळे त्यानेच केले. मुलगा म्हणून त्याने काही कमी केले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विषय काढला, तिसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यालाच फळे घेऊन पाठवले. वर म्हटलेला दबाव तो हाच. खुंट्या मी स्वतः उपटल्या, टाके दुखत असताना.

तळे आमच्या बापजाद्यांचे नाही. आमच्याकडे फक्त त्याचे दार आले आहे. दार ज्याच्याकडे असते त्याने ते विकून मोकळे होऊ नये, एवढे तरी या देशाचे आपण देणे लागतो असे मला वाटते.

कलम ६. परस कोणाला द्यावे? खात्याला दिले तर ते दुसरा फलक लावतील. समितीला दिले तर कारंजे बसवतील. मुलाला दिले तर रस्ता होईल.

म्हणून मागचे परस, फाटक व लव्हाळ्याच्या पट्ट्यासह, मी माझ्या सुनेला देते.

ती वजनमापे तपासणारी निरीक्षक आहे. लग्न होऊन महिना होतो न होतो तोच तिने माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा खोटा निघाला म्हणून जप्त केला होता. मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. भाऊ तर अजून तिचे नाव काढले की नाक मुरडतो.

मी तिला स्वयंपाकघरात विचारले.

“आई, मला ते तळं अजिबात आवडत नाही. डास येतात, उन्हाळ्यात वास येतो.”

“माहीत आहे मला.”

“मग मीच का?”

“आवडणाऱ्यांनीच त्याची वाट लावली, गं.”

तिने गॅस बंद केला. पाठमोरीच म्हणाली, “तो मला माफ करणार नाही.”

“बरेच दिवस नाही करणार.”

“आणि तुम्ही तेव्हा नसाल.” ती रडत होती. मग तिने डोळे पुसले. “काय राखायचं ते नीट लिहून द्या. मोघम नको.”

म्हणून मोघम लिहीत नाही. परस विकू नये, भाड्याने देऊ नये, त्यातून वाहनाला वाट देऊ नये. लव्हाळी उपटू नयेत, कापूही नयेत. मासे रंगवू नयेत. उरलेला रंग कोरड्या दिवसांतच काढावा. उपकरण आडवे धरावे, टोचू नये. कंटाळा आला तर काम सोडून द्यावे, घाई करू नये. शाळेतली मुले पायऱ्या बघायला आली तर फाटक उघडावे.

कलम ७. मुला, तिने हे मागितलेले नाही. मी तिच्या गळ्यात घातले. तुला राग येईल आणि तो योग्यच असेल. तो माझ्यावर काढ, तिच्यावर नको. मला आता पायऱ्यांपेक्षा तुम्हा दोघांची जास्त भीती वाटते. उद्या या कागदापायी तुमच्यात अबोला आला तर त्याला मी जबाबदार असेन, आणि ते निस्तरायला मी नसेन. हे सगळे नीट कळत असताना मी सही करते आहे.

व्यवस्था पाहण्यासाठी माझ्या वकिलांना नेमले आहे.

साक्षीदार: १. कवळ्या बनवणारे आमचे जुने तंत्रज्ञ. २. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई. दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली. दिनांक: वकिलांच्या शिक्क्याखाली आहे तो.

सही करताना सून व मुलगा हजर नाहीत. जिला मिळायचे तिने साक्षीला उभे राहू नये, असे सुनेनेच सांगितले आणि काहीतरी निमित्त काढून ती त्याला घेऊन बाहेर गेली. खिडकीतून दोघे दिसत आहेत. तो तिला काहीतरी सांगून हसतो आहे, आणि तीही हसते आहे.

(सही)